खाली उतरणार कोण?

आमच्या वाडीत देवाला विचारल्याशिवाय कुणी म्हैससुद्धा विकत आणत नाही. हळर्णचा किल्ला मागे टाकून नदीच्या अंगाला उतरलं की आमची वाडी लागते. देऊळ लहान, पण देवाच्या शब्दाला वजन मोठं. बाबली गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, मोठ्याने प्रश्न घालतो आणि सगळे डोळे ताणून बघत राहतात. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. याला कौल म्हणायचं. मयेहून माझं लग्न इथे ठरलं तेही कौलानेच, आणि तो कौल काही वाईट लागला नाही. आमचे हे, कृष्णनाथ, पेडण्याच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवतात आणि सहसा माझ्या तोंडी लागत नाहीत.

हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर लोकांनी उठवलं की सुमंगला देव मानत नाही. मानते. मला राग येतो तो देवाच्या पाठीमागे लपणाऱ्या माणसांचा.

त्यातला पहिला सुदेश, ह्यांचा चुलतभाऊ. माणूस वाईट नाही. भजनात पखवाज वाजवतो, कुणाकडे मयत झालं की सगळ्यांच्या आधी धावतो, सह्याद्रीतले किल्ले त्याने पायाखाली घातलेत. वाडीतली पोरं त्याच्यावर जीव टाकतात. पण दहा किल्ले चढला म्हणून कुणाला हिमालय कळत नाही. तिथे हवाच विरळ असते. इथे दम लागला तर दगडावर बसून पाणी प्यायलं की झालं, तिथे बसून राहणारा माणूस बसल्या जागी संपू शकतो. सुदेशला हे सांगायला गेलं की तो गालातल्या गालात हसतो.

दोन वर्षांपूर्वी त्याने वाडीतल्या माणसांना पहिल्यांदा हिमालयातल्या एका खिंडीवर नेलं. मीही गेले होते. निघण्याआधी कौल घेतला होता, देवाचा नारळ दशमीला खिंडीवर फोडायचा का? उजवी पाकळी पडली आणि दशमी ठरली. वाटेत एका माळावर तंबू पडले. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून बाकीचे सगळे गट तिथे एक दिवस थांबत होते. आम्ही थांबलो नाही. थांबलो असतो तर दशमी चुकली असती.

दुसऱ्याच दिवशी दीपाला मळमळायला लागलं. दीपा आमची शेजारीण. माणसं बेळगावकडची, नवरा बांधकामावर मुकादम, ती घरी शिलाई करते. संध्याकाळपर्यंत उलट्या करून ती अर्धी झाली. सकाळी तंबूतून बाहेर आली ती झोकांड्या खात, आणि मला वहिनी म्हणायच्या ऐवजी मास्तरीणबाई म्हणायला लागली. सुदेशने तिच्याकडे बघितलं न बघितलं केलं.

"पित्त आसा वयनी. खिंड फाल्यां. मागीर देंवपाचांच आसा."

फाल्यां म्हणजे उद्या. उद्या खिंड, मग उतरायचंच आहे, असं त्याचं गणित. वाट माहीत असलेला तो एकटा. तो दीपाला घेऊन उतरला असता तर बाकीच्यांना वर कोण नेणार होतं? म्हणून तो उतरला नाही, मी उतरले. खेचरवाल्याला हाताशी धरलं आणि अर्धी दीपा त्याच्या अंगावर, अर्धी माझ्या अंगावर घेऊन निघाले. वाटेत ती तीनदा खाली बसली आणि तिन्ही वेळा मी तिला शिव्या घालून उठवली. खालच्या गावात पोचलो तशी ती माणसात यायला लागली. तिला औषधापेक्षा हवा हवी होती, आणि हवा खाली होती.

बाकीचे दशमीला खिंडीवर पोचले, नारळ फोडला, परत आल्यावर वाडीने त्यांना हार घातले. आम्हा दोघींना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मला हाराची हौस नाही. पण दीपा! ती सगळ्यांना सांगत सुटली की पित्तच होतं, आता बरं आहे. तिला भित्री म्हणवून घ्यायची लाज वाटली असेल. मग गोष्ट आपोआप अशी झाली की सुमंगलाला चढवेना, म्हणून तिने दीपाच्या पित्ताचं निमित्त केलं. मी ऐकून घेतलं, पण तेव्हापासून दीपाकडे ब्लाउज शिवायला टाकला नाही.

यंदा सुदेश पुन्हा निघाला. तीच खिंड, पुन्हा दशमीचा कौल, पुन्हा तो एकटा. आणि माझी सेजल म्हणाली, मी जाणार.

सेजल वीस वर्षांची आहे, म्हापशाला कॉलेजात जाते. सकाळी चहात उंडो पाव बुडवत तिने हे सांगितलं, जसं काही बाजारात चालली आहे.

"डोंगरार वच गो," मी म्हटलं. "सुदेशावांगडा नाका." वांगडा म्हणजे सोबत.

"कित्याक? काका आपलो मनीस."

"आपलो म्हणून तो तुका हवा दितलो?"

"दीपाकाकी म्हणता पित्त आशिल्लां. तूच घाबरलंस." मग ती खाली बघून म्हणाली, "आई, लोक माका हसतत. तुझां चेडू म्हणून."

चेडू म्हणजे मुलगी. हे मात्र मला लागलं. लोक मला हसले तर हसू देत, माझी कातडी जाड आहे. पण माझ्या पोरीला माझी लाज धुऊन काढायला वर जावंसं वाटत होतं, आणि जो माणूस खाली उतरत नाही त्याच्या मागून. मला त्या रात्री झोप आली नाही. डोळे मिटले की दीपाच्या जागी सेजल झोकांड्या खाताना दिसायची.

हे म्हणाले, "पोरगी मोठी झाली, अडवू नको." मी म्हटलं, "अडवायची नाहीच आहे, वाचवायची आहे." त्यावर हे दुकानाला निघून गेले.

मी सुदेशच्या घरी गेले. भांडायला नव्हे, त्याला समजावायला गेले होते. म्हटलं, तिथला एक वाटाड्या घे, ज्याला त्या डोंगरात रोज जायची सवय आहे. माळावर एक दिवस थांब. आणि कुणी आजारी पडलं तर त्याला घेऊन उतरायला एक माणूस राखून ठेव. एवढंच.

सुदेशचा चेहरा पडला. "गायड? आनी हांव कोण, वयनी?"

"तू वाट दाखय. तो माणसां बघतलो."

"थंयचो परको मनीस आमच्या भुरग्यांक सांबाळटलो? तीं लोकां जाय थंय थांबयतत. दशमी चुकली जाल्यार देवाक कितें सांगू?" परका माणूस आपल्या पोरांना वाटेल तिथे थांबवेल, ही त्याची भीती.

"सांग, आमी माणसां. आमकां दम लागता."

तो हसला. मला त्याचं ते हसू अजून आठवतं, लहान मुलाला समजावताना हसतात तसं. "आयतारा देवळात गाऱ्हाणां आसा," तो म्हणाला. "येयात."

आले ना. रविवारी पूजा आटोपल्यावर सगळी वाडी मंडपात जमली होती. जाणारी पोरंपोरी नवीन बूट बाहेर काढून, ओळीने पुढे बसली होती. मध्ये पाटावर देवाचा नारळ. आमच्याकडे रीत अशी की ज्यांच्यासाठी गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालायचं त्यांनी नारळाला हात लावून बसायचं. एवढ्या हातांखाली नारळ दिसेनासाच झाला होता. त्यात सेजलचा हात मी लगेच ओळखला. सुदेशने दोन्ही तळव्यांनी नारळ खालून धरला होता.

बाबली गुरवाने सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, हीं तुझीं लेकरां तुझो नारळ घेवन..."

"बाबलीबाब, रावा," मी उभी राहिले. "माका देवाक एक विचारपाचां आसा."

मंडपात कुजबुज झाली. देवस्थानचे अध्यक्ष माझ्याकडे रागाने बघायला लागले. बाबलीबाब थांबले. देवाला विचारायचं म्हटल्यावर कुणाला नाही म्हणता येत नाही, वाडीत तेवढं अजून शिल्लक आहे.

"विचार बाये."

"ह्यांतलां कोण वाटेर दुयेंत पडलां जाल्यार, ताका घेवन सकल देंवतलो कोण?"

वाटेत कुणी आजारी पडलं तर त्याला घेऊन खाली उतरणार कोण, एवढाच माझा प्रश्न होता. पण देवासमोर आजारपणाचं नाव काढलं म्हणून बायका चुकचुकल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "शुभ बोल गो!" बाबलीबाबांनी मान हलवली.

"देव होय म्हणटा, ना जाल्यार ना म्हणटा. नांव सांगना."

"मग माणसांनी सांगपाक जाय," मी म्हटलं. "सुदेश, सांग. देंवतलो कोण?"

"वयनी, कोणाकूच कितें जावचां ना."

"कशावरून?"

"देवान कौल दिलो."

"देवान दशमीचो कौल दिलो. कोणाक ताप येवचो ना, असो कौल तू विचारलेलोच ना."

अध्यक्ष उठले. म्हणाले, एवढं आहे तर घाल तुझा प्रश्न होय-नाहीचा, आणि एकदाचा निकाल लावून टाक. मला तेच हवं होतं असं नाही, पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. मी प्रश्न घातला. देवा, दशमी सोडायची, तिथला वाटाड्या घ्यायचा आणि एक माणूस खाली उतरायला राखून ठेवायचा. होय की नाही? बाबलीबाबांनी पाकळ्या चिकटवल्या. समईची वात चरचरत होती.

डावी पाकळी पडली.

मंडपात एकदम गलका झाला. सुदेशने डोळे मिटून नारळाला कपाळ टेकवलं, त्याला खरंच सुटल्यासारखं वाटलं असणार. "जालां मगे, वयनी?" तो म्हणाला. अध्यक्ष म्हणाले, "पदर पसर आणि माफी माग." बायका माझ्याकडे अशा बघत होत्या की आता ही रडेल.

मला रडू आलं नाही. मला इतका राग आला होता की माझे कान तापले होते. मी दोन पावलं पुढे गेले, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत, आणि मूर्तीकडे बघून बोलले. बाबलीबाबांच्या तोंडून नव्हे, माझ्या तोंडाने.

"तू ना म्हणालंस. बरां. तू देव. तुका दम लागना. माझ्या चेडवाक लागता. म्हणून ह्या एका गजालीत हांव तुझां आयकूचंय ना."

या एका गोष्टीत मी तुझं ऐकणार नाही, असं मी देवाला तोंडावर सांगितलं. माझ्या सासूबाई असत्या तर तिथेच घेरी येऊन पडल्या असत्या. सेजल किंचाळलीच, "आई, पुरे!" तिचा चेहरा लालबुंद झाला होता. चारचौघांत आईने असं केल्यावर कुठल्या पोरीला वाटेल तोंड दाखवावंसं? पण मी मागे सरले नाही. म्हटलं, आता काय ते होऊ दे.

आणि मागून दीपा बोलली. खांबाला टेकून बसली होती, ती उठून उभीसुद्धा राहिली नाही.

"पित्त नव्हतं ते."

कुणाला ऐकू गेलं, कुणाला नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, "पित्त नव्हतं म्हणते मी. लेकीचं नाव आठवंना झालं होतं मला. माझ्या पोटच्या लेकीचं. वहिनीच्या हाताला धरून उतरत होते तरी ही बाई कोण, ते मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली म्हणून दोन वर्षं पित्त पित्त करत बसले."

एवढं बोलून ती पदराने तोंड पुसायला लागली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला तिची कीवही आली आणि संतापही आला. दोन वर्षं, दीपा! पण सेजल माझ्याकडे बघत नव्हती, दीपाकडेही बघत नव्हती. ती सुदेशकडे बघत होती. तिचा हात अजून नारळावरच होता.

"काका," ती म्हणाली, "माका तशां जालां जाल्यार?"

"जावचां ना गो बाये."

"जालां जाल्यार? नारळ सोडून तू देंवतलंस?"

सुदेशने तोंड उघडलं. होय म्हणायला त्याला किती सोपं होतं! एक शब्द बोलला असता तर सेजल त्याच्या मागे गेली असती, बाकीची पोरंही गेली असती, आणि मी वाडीतली वेडी बाई ठरले असते. पण हातात देवाचा नारळ, समोर देव. सुदेश हट्टी आहे, गर्विष्ठ आहे, पण देवळात खोटं बोलणारा नाही.

"ना," तो शेवटी म्हणाला. "देवाक उतर दिलां. हांव देंवचंय ना."

देवाला शब्द दिलाय, मी उतरणार नाही. त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला त्याच्यावर ओरडताही येईना.

सेजलने हात काढून घेतला. मग तिच्या शेजारच्या पोरीने काढला. तिसऱ्या पोराचा हात त्याच्या आजीने पुढे येऊन मनगटाला धरून उचलला. नारळ दिसायला लागला, तरी काही हात त्याच्यावर राहिलेच. जे राहिले ते राहिले. मी कुणाच्या मुलाला ओढायला गेले नाही. माझं मूल बाजूला झालं होतं, आणि बाकीच्यांनी प्रश्न ऐकला होता.

सेजल घरी येईपर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत होती. घरी आल्यावर म्हणाली, "देवाक असां बोलतत?" मी म्हटलं, "तूंय काकाक बोललंस मगे." तिने बॅग भिंतीवर आपटली आणि आत गेली. हे त्या दिवशी दुकानातून लवकर आले, तिच्या खोलीचं दार दोनदा वाजवून परत फिरले, आणि मला म्हणाले, "वाचवायची म्हणालीस ती वाचली म्हणायची." आमच्या ह्यांच्याकडून एवढं कौतुक म्हणजे खूप झालं.

गुरुवारी सुदेश उरलेल्या पोरांना घेऊन थिवी स्टेशनवरून निघाला.

आणि ते सगळे सुखरूप परत आले. दशमीला खिंडीवर पोचले, नारळ फोडला, कुणाचं डोकंसुद्धा दुखलं नाही म्हणे. वाडीने हार घातले, ढोल वाजवले. खरं सांगते, ते गेले होते तेवढे दिवस मी रोज तुळशीपाशी त्यांच्यासाठी हात जोडत होते, आणि ते आल्याचं कळल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण वाडीने मला सोडलं नाही. पाण्याच्या नळावर, दुकानात, बसमध्ये, जो तो विचारायचा, काय वहिनी, कुणाला काही झालं? नाही ना झालं? मी म्हणायचे, नाही झालं, देवाची कृपा. पण म्हणून माझा प्रश्न चुकीचा होता असं कुणी म्हणालं की मी तिथल्या तिथे सुनवायचे. डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि गाडी आली नाही, तर काय डोळे मिटून ओलांडायची रीत पाडायची?

मला भीती होती ती सेजलची. पोरांनी खिंडीवरचे फोटो टाकले, पांढराशुभ्र बर्फ, सगळ्यांचे हसरे चेहरे. ती ते फोटो एकटीच बघत बसायची. मला वाटलं, आता ही म्हणणार, तुझ्यामुळे माझं हुकलं. तिचं हुकलं होतंच.

एका दुपारी मी माशांना मीठ लावत होते आणि सेजल बाहेरच्या खोलीत फोनवर हिंदीत बोलत होती. डोंगरात नेणाऱ्या कुठल्याशा माणसाला विचारत होती, कोणी आजारी पडलं तर घेऊन खाली कोण येतं? पलीकडून काहीतरी उत्तर आलं. सेजलचा आवाज चढला.

"कुछ नहीं होगा? ये आपको भगवान ने बताया क्या?"

आणि तिने फोन बंद केला. मी मिठाचे हात तसेच धरून उभी राहिले. हा आवाज माझा होता, माझ्या आईचा होता, मयेच्या आमच्या सगळ्या भांडखोर बायकांचा होता.

तिने दुसरा नंबर लावला. तोही तसाच बंद केला. तिसऱ्या वेळी मात्र पलीकडचा माणूस तिलाच प्रश्न विचारायला लागला, तोही इतक्या मोठ्याने की मला आतपर्यंत ऐकू येत होतं. याआधी किती उंचीवर गेला आहात, दम्याचा त्रास कुणाला आहे का, मी थांबा म्हटलं तर थांबाल का, नाहीतर येऊच नका. त्याच्याकडे एक माणूस कायम शेवटी चालतो, आणि त्याचं काम फक्त उतरवायचं, असं तो म्हणाला. सेजल उत्तरं देत गेली. मग तिने कदेल, म्हणजे खुर्ची, ओढली आणि नीट बसली.

"आई," फोनवर हात ठेवून तिने हाक मारली, "तो विचारता, कितलीं जणां येतलीं?"

"तिगां," मी म्हटलं.

दीपाला मी अजून विचारलेलं नव्हतं.